चाचांची पाणसळ

"डोळा खोटं बोलतो भाऊ, पाणी नाय बोलत!" असं म्हणून चाचा खिशातून वीतभर पाणसळ काढायचे. आतल्या पाण्यातला बुडबुडा बरोबर मधे आला, की मगच त्यांचा जीव भांड्यात पडायचा. सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, शेजारी त्यांचं ग्रिल-गेटचं. सोळा वर्षं भिंतीला भिंत.

वाकडं दिसलं की हा माणूस बेचैन! तुमच्याही गल्लीत असेल असा एखादा. माझ्या दुकानातलं कॅलेंडर सरळ करायचे, गणपतीचा फोटो सरळ करायचे. मी वैतागायचो.

"चाचा, दुकान माझंय!"

"दुकान तुझं, पण दिसतं तर मला ना!"

मी कपाळावर हात मारायचो.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. तिथे बसून त्याला इथल्या धर्माची भारी काळजी. त्याच्या मंडळाने तिकडे वर्गणी जमवली, इकडच्या पोरांनी त्यातून भगवे स्टिकर छापले. 'हे हिंदूचं दुकान.' भावाचा फोन आला, "दादा, लाव हं." म्हटलं, स्टिकरच तर आहे. दाराशेजारी चिकटवला.

चाचांनी येऊन वाचला. मग म्हणाले, "वाकडा लागलाय, भाऊ." पाणसळ धरली, स्टिकर अलगद सोडवून सरळ लावला, अंगठ्याने दाबला. मी चहा मागवला. लाज वाटायला हवी होती, ती मेली तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे.

आठ दिवसांनी मोर्चा निघाला. ज्या दुकानांवर स्टिकर नव्हता, ती फोडली. चाचांचं वेल्डिंग मशीन फुटलं, उजव्या हातावर दगड बसला. माझ्या दुकानाला ओरखडा नाही. मी शटर ओढून आत बसलो होतो. खोटं कशाला सांगू, त्यांची हाक ऐकू आली होती.

संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल. "दादा, आपल्या दुकानाला काही झालं नाही ना?"

"चाचांचं गेलं," मी म्हणालो. याच्या लग्नातली कमान चाचांनीच केली होती.

तो म्हणाला, "बरं, तू काळजी घे."

चाचा मालेगावला लेकीकडे गेले. पाणसळ स्टिकर सरळ केला त्या दिवशीपासून माझ्याच टेबलावर आहे. ती न्यायला या म्हणून फोन केला की म्हणतात, "राहू दे भाऊ. हात आता स्थिर राहत नाय."

स्टिकर मी ब्लेडने खरवडला, तरी भिंतीवर चौकोन उरलाच. पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मधे.

गणपतीचा फोटो चार महिने वाकडाच आहे. बायको ओरडते, पण मी हात लावत नाही. या ना हो चाचा.