वर्दी घालून ये

"वर्दी घालून ये वं. प्रशांतले सलाम ठोक. फोटो झकास येते."

ग्रामपंचायतीसमोरच्या मंडपात, भर लोकांत पाटील मले असं बोलला. मी सुट्टीवर गावाले, करडीले आली होती. सरहद्दीवर शिपाई हाओ मी. प्रशांत पाटलाचा पोरगा, माझ्याच वर्गातला. त्याची पुण्यात ड्रोन बनवाची कंपनी. सीमेच्या राखणीसाठी नवीन यंत्रं लावाचा कायदा होऊन राहिला, त्यावर मत विचाराले त्याले दिल्लीले बोलावलं होतं. म्हणून सत्कार.

माझा बाप पाटलाचा सालदार. माय त्याच्याच धानाच्या बांधीत रोपं लावे, रोवणा करे. प्रशांतकडे कॉम्प्युटर आला तवा मी खिडकीतून पाहो. त्याची आजी पडदा ओढून घे. तवापासून जळते मी. खोटं कायले सांगू?

भरती झाली तवा वाटलं, झाली बरोबरी. वाळूत उभी राहिली. धुक्यात कुंपणाजवळ उभी राहिली. पाळी असताना, ताप असताना.

अन् मंडपात प्रशांत माइकवर सांगून राहिला होता, "माणूस थकते, झोपते. यंत्र झोपत नाही. म्हणून कायदाच पाहिजे."

टाळ्या पडल्या. माझ्या मायनंही वाजवल्या.

त्याचं खरं होतं. उभ्याउभ्या डोळा लागते, मले माहीत हाये. म्हणून तर जास्त आग लागली. कायदा माझ्या उभं राहण्यावर, अन् मत त्याचं. मले कोणी एक शब्द विचारला नाही.

पाटील वर्दीचं बोलला तवा मी जागची हलली नाही. पाटील हसला. "आता मशीन राखण करन. तू ये वापस. रोवण्याले बाया भेटून नाही राहिल्या."

सगळा मंडप हसला.

मी उठली. म्हटलं, "सलाम मी माझ्या अफसरले मारते. तुमच्या पोराले नाही. अन् तुमच्या बांधीत आमच्या घरचं कोणी आता उतरणार नाही."

प्रशांत म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना." त्याले रागही आला नाही. तेवढी दया त्याले परवडते. त्याचाही हेवा वाटला मले.

बाहेर माय रडली. "काहून अशी बोलली वं? याच गावात राहाचं हाये आपल्याले."

"म्हणूनच बोलली."

आमच्या तुकडीत ड्रोनच्या ट्रेनिंगसाठी नावं मागितली होती. ते शिकलेल्या पोरांचं काम, असं समजून मी गप्प बसली होती. परत जाताना वरठीच्या फलाटावरून हवालदाराले फोन लावला.

"माझं नाव टाका."

"इंग्रजी लागन."

"शिकते."

गाडी आली. मी चढली. जळणं काही विझलं नाही, अन् मी विझू देणार नाही. कायदा होऊ द्या. यंत्रं येऊ द्या. पण राखणीचं मत घ्याले कोणी बसन, तवा राखण करणारीले बाहेर ठेवून पाहावं त्यानं. मी दारातून हटणार नाही.