थर्माकोलला सागाचा कणा

झरीच्या बन्सीधर मिस्त्रीचा हात बैलगाडीवर बसलेला. टायरच्या गाड्या आल्या, कामं आटली, तरी हा गृहस्थ रंधा घेऊन दारात बसायचाच. हेकेखोर माणूस. मी शेजारी, त्याच्याशी दोनदा अबोला धरला आणि दोन्ही वेळा आधी मीच बोललो.

१९८६च्या हिवाळ्यात येलदरीचा मासेमार भुजंग त्याच्याकडे आला. थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून तो धरणात जाळी टाकायचा. वाऱ्यात ठोकळा मधोमध मोडला. भुजंग पोहत काठाला लागला, पण त्याच्या बायकोनं, सुलाबाईनं, पुन्हा पाण्यात जायचं नाही म्हणून बजावलं.

"मिस्त्री, मोडणार न्हाई असं कायतरी करा. मला दुसरा धंदा येत न्हाई."

लाकडाच्या माणसाला हे पांढरं भुसकट कशाला दाखवता, म्हणून बन्सीधर आधी चिडला. मग दोन दिवस मोडका तुकडा उलटापालटा करत राहिला. परभणीहून थर्माकोलच्या जाड शीट आणवल्या, एकावर एक चिकटवून लांब ठोकळा केला आणि तो करवतीनं लांबीत उभा चिरला. मधे सागाची पातळ फळी उभी बसवली, पुढचं टोक जरा वर उचललेली. दोन्ही अर्धे भाग तिला चिकटवून दोरीनं आवळले. "कणा पायजे," एवढंच म्हणाला.

मग घोटाळा झाला. गाडी झाली की तेलरंग, ही त्याची आयुष्यभराची सवय. टर्पेंटाइन घातलेला रंग त्यानं उघड्या थर्माकोलवर सढळ हातानं फिरवला आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा ठोकळा आमच्यादेखत खचत गेला. फळी तेवढी उरली. मला हसू आलं. त्याचा चेहरा पाहून माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या वेळी त्यानं जुन्या धोतराचे तीन थर सुताराच्या पांढऱ्या गोंदात भिजवून नव्या ठोकळ्यावर चढवले. आठवडाभर सावलीत वाळवले. रंगाला आत शिरायला फट उरली नाही, तेव्हाच ब्रश हातात घेतला.

एस.टी.च्या टपावर टाकून आम्ही तो तराफा येलदरीला नेला. काठावर सुलाबाई वाट अडवून उभी राहिली.

"गाडी करणाऱ्याला पाण्यातलं काय कळतंय? पयला तर इरघळला म्हणं. ह्यांना मी जाऊ देणार न्हाई."

बन्सीधर भांडेल असं मला वाटलं. त्यानं चपला काढल्या, धोतर खोचलं.

"आमच्यात नवी गाडी करणाराच आधी हाकतो," म्हणाला आणि तराफ्यावर बसला.

हातांनी पाणी मारत तो पार खोल पाण्यापर्यंत गेला. वारा होता. तराफा वर जायचा, खाली यायचा, पण मधे वाकत नव्हता. मी घाबरलो होतो, कबूल करतो.

तो परत आला तेव्हा सुलाबाईनं विचारलं, "मिस्त्री, तुमाला पवता येतं ना?"

"न्हाई."

ती वाटेतून बाजूला झाली. मग नवऱ्याकडे वळली.

"जावा. मिस्त्री जेवल्याबिगर जायचे न्हाईत. चांगला मासा आणा."