बिब्बा उतलेल्या आईचे घर

आपल्या घरातले कुणी "मला हे सोसत नाही" म्हणाले, तर तुम्ही त्याचे ऐकता, की त्याची परीक्षा घेता?

कोडोली सोडली त्या सकाळी आई गाडीत तोंडावर पदर ओढून बसली होती. लाजेने नव्हे. तिचे डोळे सुजून मिटले होते, हातांवरचे फोड फुटून पाणी गळत होते. माझे वडील, आबा, बैलांच्या बाजूने वेशीपर्यंत चालत आले. "जपून जा," एवढेच म्हणाले, तेही बैलांकडे बघून.

आम्ही परीट. वारणा नदीवर धुणे नेण्याआधी कोणते कापड कुणाचे हे कळावे म्हणून आबा सुई बिब्ब्यात बुडवून कापडाच्या कोपऱ्याला ठिपके घालत. ते काळे तेल पाण्याने जात नाही. कित्येक वर्षे आईनेही ते काम केले. मग एका पावसाळ्यात तिला बिब्बा उतला, म्हणजे त्याच्या तेलाने अंगावर सूज आणि फोड आले, आणि पुढे दर वेळी अधिकच उतू लागला.

इतकी वर्षे काही झाले नाही, मग आताच कसे? घराचा विश्वास बसेना. कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात मला, परटाच्या पोराला, शाळा मिळाली होती, त्याचाही राग आईवरच निघे. "पोरगं कोल्हापुरात शिकाया गेलं, तशी आई नाजूक झाली व्हय?" माझी आत्या सगळ्या घाटाला ऐकू जाईल असे विचारी. "अगं, सवयीनं मरतंय ते. घाल की बोटं!" आईने घातली. देवऋषी आला, लिंबू कापून देवीचा कोप सांगून गेला. देवीचे परटिणीच्या हातांशी काय वैर? पण समोरच्या वस्तूकडे न बघता आकाशाकडे बघायला आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले आहे.

तोवर मी कोल्हापुरात एका छापखान्यात खिळे जुळवीत होतो. पेठेत खोली घेतली आणि आईला दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "एखादे शरीर एखाद्या वस्तूला वैरी मानू लागते. सवयीने ते वैर मिटत नाही, वाढते. लांब राहणे हाच उपाय." बाहेर पायरीवर आई थांबली. "म्हंजे माझं कायबी चुकलं न्हवतं न्हवं?" तिने विचारले.

हात बरे झाले. पण नळावर धुताना ती म्हणे, "ह्या पाण्याला आवाजच न्हाय."

आबा बाजारादिवशी येत. पहिल्या खेपेला गूळ घेऊन शेजारी बसले, आणि संध्याकाळी आईचा गळा लाल झाला. बिब्बा त्यांच्या नखांत होता, कपड्यांत होता. त्यानंतर ते राखेने नखे घासून पंचगंगेत अंघोळ करत, मी ठेवलेले धोतर नेसत आणि उंबऱ्याबाहेर जेवायला बसत. "काय पावणं, वाढू का आनखी?" आई आतून चेष्टा करी. आबा हसत, पण मान खाली घालून.

"आबा, खूण दोऱ्यानं घाला. आई घरी येईल," मी म्हणत असे.

"दोरा उसवतोय. गाव माझ्या ठिपक्यावर इस्वास ठिवतंय."

"आणि आईवर कुणी ठेवायचा?"

"बघू," ते म्हणाले. मग साथ आली, आणि त्या साथीत आबा गेले.

निरोप मिळाला तेव्हा सगळे आटोपले होते. आम्ही कोडोलीत पोचलो तर दारात आत्या हात आडवे करून उभी. रडून आवाज बसला होता. "वैनी, आत नगं जाऊस. आत बिब्बं हाईत. तुला उततोय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य त्या घरात कुणीतरी उच्चारले. आईने तिचा हात हळूच बाजूला केला, आत गेली, आणि खुंटीवरच्या आबांच्या पटक्यात तोंड खुपसून रडली. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे मिटलेले होते. रडून की बिब्ब्याने, हे कुणी विचारले नाही.

आज तिचे हात नितळ आहेत. घर कुठले म्हटले की ती अजून कोडोलीच सांगते. जायचे का म्हटले की धुणे घेऊन नळावर जाते.

गावाकडच्या माझ्या परीट भावांनो, आजपासून खूण दोऱ्याने घाला. उसवला तर पुन्हा घाला. आणि वाचणाऱ्या तुम्ही सगळ्यांनी आज जेवायला बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुला काय सोसत नाही? जे सांगतील ते खरे माना. पुन्हा हात लावून दाखवायला सांगू नका.