साडूभाऊंची थंड मुलखातली वाईन

साडूभाऊ जर्मनीहून कारखान्यातल्या मशीनचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग करून आले आणि त्या वर्षीचा धोंड्याचा महिना मला जड गेला. सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना राजूरजवळच्या त्यांच्या गावी वाण द्यायला बोलावलं होतं. मी थोरला, शिवाय बदनापूरला शेतकी खात्यात नोकरीला. सासरे अर्धा एकर द्राक्ष लावायच्या विचारात होते. वेल कुठं लावायचे ते मलाच विचारतील, हे मी बायकोला एसटीत दोनदा ऐकवलं होतं.

साडूभाऊंनी पिशवीतून बाटली काढली. लाल वाईन. तिकडं आर नावाची नदी आहे म्हणे, तिच्या खोऱ्यात इतकी थंडी की द्राक्षं कशीबशी पिकतात. म्हणून वाईनही हलकी, आंबटसर. सासूबाईंनी ती द्राक्षासवासारखी जेवताना सगळ्यांना दोन-दोन चमचे दिली, तेवढंच पाणी घालून. मला चव आवडली.

"पातळच आहे," मी म्हणालो.

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. धाकट्या जावयाला विचारलं, "वेल कुठं लावतेत हो तिकडं?"

"डोंगराच्या उतारावर, दक्षिणेकडं. सगळा शाळेच्या पाटीसारखा काळा दगड. दिवसभर तापतो आणि ऊन गेल्यावर वेलीला ऊब देतो."

"मंग आपला खडकाचा माळ बराबर तसाच हाय."

इथं मी बोलायला हवं होतं. तिकडं उन्हाची चणचण, म्हणून दगडाचं कौतुक. आपल्या माळावर वैशाखात अनवाणी पाय टेकत नाही. पण मला कुणी विचारलंच नव्हतं. मी पुरणाचा धोंडा मोडला, वर तूप मागून घेतलं आणि मनात म्हटलं, लावा. होऊ द्या फजिती. मग याल माझ्याकडं.

परतताना बायको म्हणाली, "एवढे गप का हो? त्यांचं कौतुक पाहून पोटात दुखून राह्यलं का?"

"धोंडे जास्त झाले," मी म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात सासऱ्यांचा निरोप आला. मी चांगलं भाषण तयार करून गेलो. माळावरचे सगळे वेल करपून गेले होते. सासरे उकिडवे बसून एकेक काडी मोडत, आत हिरवं आहे का पाहत होते.

"यंदा हिरीतलं सगळं पाणी यांनाच घातलं," ते म्हणाले. "धाकटे जावई मशीनवाले. त्यांनी पाह्यलं ते सांगितलं. तुम्हाला तर ठाऊक असंल?"

"होतं, मामा."

"मंग बोलले का न्हाई?"

मी चप्पल बाजूला सारून त्यांच्याशेजारी बसलो आणि पुढच्या ओळीतल्या काड्या मोडून पाहू लागलो. पहिली वाळकी निघाली. दुसरीही.