डाळमिलच्या छतातली भोकं

माझी आई जळगावच्या एका डाळमिलमध्ये डाळ निवडायची. तिच्या सुपड्यावर मी इंजिनीअर झाले, हे मी कुठेही सांगते. देवपुरात कॉलेजात होते तेव्हाही सांगायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लपवायचं कसं असतं तेही मला कुणी शिकवलं नव्हतं.

आई बसायची शेवटच्या रांगेत. मिल लांबट, दोन्ही अंगांना गोदामं चिकटलेली, उजेड यायचा तो फक्त पुढच्या दारातून. मधे पोत्यांची थप्पी आणि तिच्यामागे, पार भिंतीशी, ही रांग. ट्यूबलाइट होत्या, पण दिवसाची वीज जायची. मागच्या बायकांच्या डाळीत खडे राहतात, अशा तक्रारी व्यापाऱ्यांकडून येऊ लागल्या. आई घरी येऊन म्हणायची, "अंधारमा खडा नि दाय सारखीच दिखस." शेवटी शेठनं सांगून टाकलं, छताला खिडक्या पाडतो, त्या जमल्या नाहीत तर दिवाळीनंतर मागची रांग बंद.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा जळगावातच एका स्ट्रक्चरल इंजिनीअरांकडे नोकरीला लागले होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. शेठ नेमका त्यांच्याकडेच आला. हातात कागद, कागदावर चार मोठे चौकोन, चारही मागच्या भिंतीजवळ.

शेठ गेल्यावर मी साहेबांना सांगितलं की त्या चौकोनांखाली माझी आई बसते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "मग हिशोब तूच कर. तुझ्याइतकी काळजी दुसरं कोण घेणार?"

छत पातळ काँक्रीटचं, नळीचं कौल पालथं घालावं तसं. असलं छत आपल्या बाकामुळे उभं असतं. त्यात भोक पाडलं की जोर भोकाच्या कडेकडेनं वळून जातो, आणि तो कुठे किती वळतो हे साध्या सूत्रानं सापडत नाही. त्यासाठी ऑफिसात कॉम्प्युटर आला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. छताचे लहान लहान तुकडे करायचे, त्यांना एलिमेंट म्हणतात. तुकडे जिथे कोपऱ्यांशी जुळतात ते नोड. मी आलेखाच्या कागदावर सगळी जाळी काढली, नोडना नंबर दिले आणि चौकोनांच्या जागचे तुकडे पुसून टाकले. झालं भोक, असं मला वाटलं.

प्रोग्रॅम बंदच पडला. तुकडे पुसले होते, पण त्यांचे आतले नोड तसेच राहिले होते, कशालाही न जोडलेले, हवेत लटकलेले. साहेब हसले. "भिंत पाडलीस आणि खुंट्या ठेवल्यास," म्हणाले.

खुंट्या काढल्या. मग उत्तर आलं, पण ते विचित्र होतं. चौकोनाच्या कोपऱ्यातला ताण जास्त निघाला. नीट कळावं म्हणून तिथली जाळी बारीक केली, तर ताण आणखी वाढला. अजून बारीक केली, अजून वाढला. कुठे थांबेचना. दोन दिवस मी कॉम्प्युटरवर चिडले, मग स्वतःवर.

साहेबांनी टेबलावरची एक जुनी लग्नपत्रिका घेतली. ती वाकवून दोन पुस्तकांमधे अडकवली, छतासारखी. ब्लेडनं तिच्यात चौकोन कापला आणि बोटानं दाबलं. कोपऱ्यातून टर्रकन फाटली. दुसऱ्या पत्रिकेत गोल कापला, तीही दाबली. वाकली, फाटली नाही.

"टोकदार कोपऱ्यातल्या ताणाला शेवटच नसतो," ते म्हणाले, "तू कितीही बारीक बघ. कोपराच ठेवू नकोस."

इतका शिकलेला माणूस लग्नपत्रिका फाडून शिकवतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढे मोठ्या शहरांतले नामांकित लोक पाहिले, पण असं कापून दाखवणारा पुन्हा भेटला नाही.

मी गोल भोकं घेतली, त्यांच्याभोवती तुकड्यांची कडी केली, काठाला जाड काँक्रीटची किनार दिली. आता जाळी बारीक केली तरी आकडा जागेवर राहत होता. पण मागच्या भिंतीजवळ गोल भोकाचाही ताण मर्यादेत बसेना. तिथे छत भिंतीवर टेकतं, ओझं तिथे गोळा होतं. छताच्या मध्यावर, माथ्याला, भोकं चालत होती. मागे नाही. म्हणजे आईच्या डोक्यावर नाही. मी तसंच लिहून साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी आधी छताच्या सगळ्या ओझ्याचा कागदावर हातानं हिशोब करून तो कॉम्प्युटरशी ताडून पाहिला. जुळलं. मग म्हणाले, "चल, मिलमध्ये जाऊ."

तिथे ते थेट आईशेजारी गोणपाटावर बसले आणि तिचं सुपडं मागितलं. थोडा वेळ निवडत राहिले. आईनं वाकून पाहिलं. "साहेब, तुम्ही खडा ठेवात नि दाय फेकी दिधी." सगळी रांग हसली, साहेबही हसले. मग त्यांनी मधल्या थप्पीकडे बोट केलं आणि शेठला विचारलं, "पोत्यांना उजेड कशाला हवा?"

शेठ म्हणाला, थप्पी वर्षानुवर्षं तिथेच आहे.

"मग आता मागे न्या. बायका मधे बसतील. भोकं मधेच चालतात, हिनं काढलंय." आणि माझ्याकडे हात केला.

शेठनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, छत माझ्या वडिलांनी बांधलं, आणि भोक कुठे पाडायचं ते तुम्ही सांगणार?"

"हो," मी म्हटलं. "चौकोनी पाडलंत तर छत कुठून फाटेल तेही सांगते."

आईनं सुपडं परत घेतलं आणि जरा जोरात पाखडलं.

काम साहेबांनी सांगितलं तसंच झालं. खालून टेकू, आधी वरून किनार ओतली, ती पुरती मुरू दिली, आणि मगच मधलं काँक्रीट कापलं. वर पांढुरक्या, उजेड आत सोडणाऱ्या फायबरच्या टोप्या बसवल्या. दिवाळी आली तेव्हा मागची रांग मधे बसलेली होती आणि थप्पी अंधारात होती.

पहिल्या आठवड्यात आई घरी आली, पाय धुतले आणि म्हणाली, "तुन्हा साहेबले सांग, उजेड सरकस. मंग आम्ही बी सरकतस."

भोकांतून पडणारे उजेडाचे गोल सूर्याबरोबर जमिनीवर सरकायचे, आणि बायका आपापलं गोणपाट ओढत त्यांच्यामागे जायच्या. हे माझ्या जाळीत कुठेच नव्हतं. साहेबांना सांगितलं तर ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, एकदा बघायला जायला हवं. आम्ही गेलो. दुपारी अख्खी रांग पूर्वेकडे सरकलेली होती, आणि आई सगळ्यांच्या पुढे.