आमच्या गावात गुंडे नाहीत!

दिवाळीनंतरचा रविवार. आदिलाबादकडे, गुडीहत्नूरजवळच्या आमच्या मराठी गावात, अंगणवाडीत बीपी-शुगरची तपासणी होती. मी सासूबाईंना घेऊन गेले. आम्ही सुना त्यांना मामी म्हणतो... आणि दवाखान्याचं नुसतं नाव काढलं की मामींचं तोंड वाकडं होतं. "मले काय धाड भरली?" असं म्हणत म्हणतच आल्या.

तपासणीला आशाताई लावण्या होती, तेलुगू मुलगी. तिच्या सरकारी फोनमध्ये असं ॲप आहे की फोनच प्रश्न विचारतो, आपण नुसतं उत्तर द्यायचं. तिने सवयीने तेलुगू लावलं. फोन बोलला, "अम्मा, गुंडेलो नोप्पी उंदा?"

मामी ताठ बसल्या. "गुंडे? नाई व बाई, आमच्या गावात गुंडे नाईत!"

मी ओढणी तोंडात कोंबून हसले. तेलुगूत गुंडे म्हणजे काळीज हो... छातीत दुखतं का, असं तो फोन विचारत होता! मामींचं माहेर किनवटकडचं, त्यांची तेलुगू बाजारात भाव करण्यापुरती. लावण्याने मात्र त्यातलं "नाई" तेवढं ऐकलं आणि 'त्रास नाही'च्या बटणाकडे बोट नेलं.

माझं हसू तिथेच थांबलं. "अगं थांब, त्यांना प्रश्नच कळला नाही," मी ओरडलेच. तिने कपाळावर हात मारला आणि मराठी लावलं. मी मनात म्हटलं, आता बातम्यांसारखं मराठी येणार, 'आपणास श्वसनाचा त्रास होतो का' वगैरे... मामी त्यालाही नाईच म्हणणार.

पण फोनमधून बोलली ती अगदी आमच्याकडची बाई. "माय, चालता चालता जीव घाबरते काय? छातीत धडधड होते काय?"

मामींनी फोनकडे मान वळवली. मग जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "हो व बाई. वावरात जाता जाता मधातच बसा लागते. घरी सांगतलं नाई... कापसाची येचनी चालू हाय ना." आणि वर विचारतात कशा, "तुहं माहेर कोनतं व?"

हसावं की रडावं... मला तर रडूच आलं. एवढं सगळं होत होतं आणि घरात कुणाला पत्ता नाही.

लावण्याने काडेपेटीएवढं एक यंत्र मामींच्या बोटांत धरायला दिलं. ठोक्यांच्या रेघा फोनवरून थेट आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. थोड्याच वेळात डॉक्टरांचा फोन आला... आजच घेऊन या. मी आणि आमचे हे त्यांना घेऊन तसेच निघालो.

बीपी वाढलेलं, ठोके अनियमित. गुठळी होऊन मेंदूत गेली असती तर लकवा झाला असता, वाचाही गेली असती, डॉक्टर म्हणाले. वेळेत आलात, आता गोळ्यांवर भागेल. हे लगेच गोळ्या आणायला धावले.

नंतर लावण्याला विचारलं, ती फोनमधली बाई कोण गं? ती म्हणाली, हे सरकारी पैशातून चाललेलं संशोधन आहे. आधी प्रश्न फक्त तेलुगूत होते आणि आपल्यासारख्या गावांतून उत्तरं भलतीच यायची. मग संशोधनवाली माणसं मुधोळपासून इकडच्या गावांपर्यंत फिरली, दम लागला की तुम्ही काय म्हणता, असं बायाबायांना विचारत... आणि इथल्याच एका बाईच्या आवाजात प्रश्न भरले.

सर्वे म्हटलं की माझं डोकं उठतं. विचारून जातात, पुन्हा तोंड दाखवत नाहीत. पण ही माणसं आमचे शब्द घेऊन गेली आणि आमच्याच कामाला घेऊन आली... जिथे असतील तिथे सुखी राहोत!

आता महिना होत आला. मामींचं मीठ कमी केलंय, त्यामुळे दोन्ही वेळेला माझ्याशी भांडण. "हे काय भाजी हाय? बैलबी तोंड लावनार नाई!" पार चार घरं ऐकू जातं.

हा आवाज गेला असता...

भांडा मामी. पोटभर भांडा.