सखारामाचं घर फळीवर का येईना

मालगुंडच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, पायथ्याशी एक वाडी आहे. तिथल्या प्रेमलाबाईंनी अख्खी वाडी फळीवर मांडून ठेवली आहे. वीतभर उंचीची मातीची घरं, भट्टीत भाजून पक्की केलेली. मुंबईला शाळेत शिकवत होत्या तेव्हा रविवारच्या वर्गाला जाऊन ही कला शिकल्या, आणि निवृत्त होऊन गावी आल्या त्या विजेची भट्टी टेम्पोत घालूनच. ओल्या भिंतीला माडाच्या हिराच्या काडीने टोचे मारले की हुबेहूब जांभ्याचा चिरा. बुद्धविहार झाला, पाखाडीची दगडी वाट झाली, डबकी साचलेला हिरवा सडा झाला, शेजारच्या मालनच्या पडवीचा वाकलेला वासासुद्धा झाला. लवूच्या घराचं फुटकं कौल तर इतकं खरं उतरलं की लवूने लाजेकाजेने ते दुसऱ्या दिवशी बदललं.

फक्त एक घर नव्हतं. त्यांचं स्वतःचं.

आता नवराबायकोच्या मधे आपण पडू नये म्हणतात. पण वाडी पडली. मालन दारापुढच्या खळ्यात उभी राहून प्रेमलाबाईंच्या नवऱ्याला, सखारामाला, विचारायची, "काय भावजी, फळीवर तुमचं घर दिसत नाय. बायकोने बाहेर काढलान की काय?"

"राहतोय की त्यात. परत मातीत कशाला बघू?" सखाराम हसण्यावारी न्यायचा. पण रोज चहाच्या आधी फळीपाशी जाऊन तो एकेक घर निरखतो, हे मालनला माहीत होतं. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं.

बिचाऱ्याला वाटलं, आपलं घरच दिसायला कमी पडत असेल. म्हणून त्याने खिडकीला नवी जाळी बसवली. मग पडवीची पायरी डावीकडून उजवीकडे नेली. मग न्हाणीवर पत्रा चढवला. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाच्या हातात हातोडा आला की घराला काही स्वस्थता नाही. तरी फळी आपली तशीच.

शेवटी एका दुपारी बांगड्याचा काटा काढता काढता, मान वर न करता तो म्हणाला, "आपलं घर तेवढं तुला आवडत नाय, होय ना?"

प्रेमलाबाई उठल्या. कोपऱ्यातल्या फडक्याखालून तीन कच्ची घरं काढून त्यांनी ताटासमोर मांडली. एकाला जाळीच नव्हती. दुसऱ्याची पायरी डावीकडे. तिसऱ्याच्या न्हाणीवर पत्रा नाही.

"कच्चं घर हळूहळू सुकवावं लागतं, नायतर तडकतं. ते सुकेपर्यंत तुम्ही खरं घर बदलता. मी कुठलं करू?"

"तीनदा घेतलंस करायला?" सखाराम जेवायचंच विसरला.

"चौथ्यांदा घेईन. तो हातोडा तेवढा खाली ठेवा."

ठेवला. चौथं घर उभं राहिलं, सावलीत सुकू लागलं, आणि सखारामाचे हात शिवशिवू लागले. न्हाणीचं दार कुरकुरत होतं, त्याला तो तेलसुद्धा घालेना. कुरकुर मातीत दिसत नाही, हे सांगूनही पटेना. त्यात हवा दमट, माती सुकता सुकेना. मग त्यानेच तोड काढली. मालनचं घर तर कधीच भाजून झालं होतं! गेला हत्यारं घेऊन आणि तिचा वाकलेला वासा काढून सरळ घातला.

"आता फळीवरचं माझं घर खोटं पडलं ना, भावजी," मालन म्हणाली. "बायकोला सांगा, परत करून दे."

"नंबर लाव," सखाराम म्हणाला.

भट्टी निवल्यावर प्रेमलाबाईंनी झाकण उघडलं. तांबूस चिरे, शेंदरी कौलं, जाळी, उजवीकडची पायरी, पत्रा, सगळं जिथल्या तिथे. न्हाणीच्या भिंतीला मात्र केसाएवढी चीर गेली होती. इतकं जपून सुकवलेलं. प्रेमलाबाईंचा चेहरा उतरला.

सखारामाने घर हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवून खालून वरून पाहिलं, चिरेवरून बोट फिरवलं.

"एवढंच ना? जरा सिमेंट लावतो," म्हणत तो उठलाच.

"अहो, खाली बसा. हात लावाल तर बघा."

तो बसला. घर मांडीवर घेतलं आणि कुंपणापलीकडे मालनला हाक मारली, बघायला ये म्हणून. न्हाणीची बाजू तेवढी त्याने पोटाशी धरली होती.